जोन्स, ॲलन विन

जोन्स, ॲलन विन : (१९ सप्टेंबर १९८५ – ). वेल्सचा व्यावसायिक रग्बी युनियनपटू. आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत वेल्सतर्फे १५८ आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्सतर्फे १२, असे एकूण १७० कसोटी सामने त्याने खेळले. पुरुषांच्या रग्बीत निवृत्तीच्या वेळी हा जागतिक विक्रम होता. विशेष म्हणजे यांतील बहुतेक सामने त्याने ‘लॉक’ या अत्यंत झीज करणाऱ्या जागेवर खेळले.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघाचे १५ खेळाडू असतात. त्यांपैकी आठ ‘फॉरवर्ड’ स्क्रममध्ये एकमेकांना बिलगून प्रतिस्पर्ध्यांना रेटतात. दुसऱ्या ओळीतील दोघे लॉक पुढच्या ओळीच्या मागे खांदे लावून या रेट्याला बळ देतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर होणाऱ्या लाइनआउटमध्ये सहकारी उंच लॉकला हवेत उचलतात आणि तो चेंडू झेलतो. खेळ चालू असताना प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेऊन खाली पाडणे, म्हणजे टॅकल करणे, आणि चेंडूभोवतीच्या झटापटीत घुसणे हे त्याचे सततचे काम. सहा फूट सहा इंच उंचीचा जोन्स या तिन्ही कामांत वाकबगार होता.

त्याचा जन्म दक्षिण वेल्समधील स्वॉन्झी येथे झाला. लॅन्डोव्हरी कॉलेज या शाळेत त्याने काही काळ शिक्षण घेतले. व्यावसायिक खेळ सांभाळून त्याने स्वॉन्झी विद्यापीठातून कायद्याची पदवीही मिळवली (२०१०). रग्बी युनियन १९९५ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली आणि २००३ मध्ये वेल्समधील वरिष्ठ पातळीवरचा खेळ जुन्या क्लबांऐवजी प्रादेशिक संघांकडे आला. नीथ आणि स्वॉन्झी या क्लबांच्या एकत्रीकरणातून ऑस्प्रीज हा संघ उभा राहिला. जोन्स २००५ मध्ये या संघातून प्रथम खेळला. पुढे अनेक वेल्श खेळाडू जास्त मानधनासाठी इंग्लंड व फ्रान्समधील क्लबांकडे गेले, मात्र जोन्स २०२३ पर्यंत ऑस्प्रीजमध्येच राहिला. या काळात संघाने २००६-०७, २००९-१० आणि २०११-१२ या हंगामांत तो खेळत असलेल्या आंतरदेशीय क्लब लीगचे विजेतेपद पटकावले, तर २००८ मध्ये अँग्लो-वेल्श चषक जिंकला. जोन्सने संघाचे नेतृत्वही दीर्घकाळ केले.

वेल्ससाठी तो ११ जून २००६ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध प्रथम खेळला, तोही लॉक म्हणून नव्हे, तर फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला जोडलेला फॉरवर्ड, म्हणून. हा सामना पॅटागोनियातील पुएर्तो माद्रिन येथे झाला. एकोणिसाव्या शतकात वेल्समधून गेलेल्या स्थलांतरितांनी याच किनाऱ्यावर वसाहत केली होती. वेल्स २५–२७ असा निसटता पराभूत झाला, पण लवकरच जोन्स दुसऱ्या ओळीत स्थिरावला. २००८ आणि २०१२ मध्ये सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या वार्षिक स्पर्धेतील पाचही सामने जिंकून, म्हणजे ‘ग्रँड स्लॅम’ साधून, विजेत्या ठरलेल्या संघांत तो होता. त्याच्या वाट्याला कठोर धडेही आले. २०१० मध्ये ट्विकनहॅम येथे इंग्लंडच्या डिलन हार्टलीला पायात पाय घालून पाडल्याबद्दल त्याला दहा मिनिटे मैदानाबाहेर बसावे लागले. त्या अवधीत इंग्लंडने १७ गुण मिळवले आणि वेल्स १७–३० असा हरला.

२०१७ मध्ये वेल्सचे कर्णधारपद नियमितपणे त्याच्याकडे आले. २०१९ च्या सिक्स नेशन्समध्ये त्याचे नेतृत्व बहरले. पॅरिसमधील पहिल्या सामन्यात मध्यंतराला ०–१६ असा मागे असलेला वेल्स २४–१९ असा जिंकला. १६ मार्चला कार्डिफमध्ये आयर्लंडला २५–७ असे हरवून संघाने ग्रँड स्लॅम पूर्ण केला. त्या दिवशी राष्ट्रगीताच्या वेळी भर पावसात त्याने आपले जाकीट समोर उभ्या असलेल्या लहान मुलाच्या अंगावर घातले. हे दृश्य वेल्समध्ये घरोघरी पोहोचले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याची निवड झाली. त्याच वर्षी जपानमधील विश्वचषकात वेल्सला उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेने १९–१६ असे रोखले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लानेथ्ली येथे स्कॉटलंडविरुद्ध त्याने १४९ वा कसोटी सामना खेळून न्यूझीलंडच्या रिची मॅकॉचा विक्रम मागे टाकला. २०२० मध्येच त्याला ‘ओबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला आणि २०२१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली वेल्स पुन्हा सिक्स नेशन्सचा विजेता ठरला.

ब्रिटन व आयर्लंडमधील निवडक खेळाडूंच्या लायन्स संघातून त्याने २००९, २०१३, २०१७ आणि २०२१ असे चार दौरे केले. २०१३ मध्ये कर्णधार सॅम वॉरबर्टन जखमी झाल्याने सिडनीतील निर्णायक तिसऱ्या कसोटीत नेतृत्व जोन्सकडे आले. लायन्सने ऑस्ट्रेलियाला ४१–१६ असे हरवून मालिका जिंकली. २०२१ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याची कर्णधार म्हणून निवड झाली, पण २६ जूनला एडिंबरोत जपानविरुद्धच्या सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला. दौरा हुकला असे मानले जात असताना तीन आठवड्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला आणि तिन्ही कसोटी सामने खेळला. लायन्सने ती मालिका १–२ अशी गमावली.

१८ मार्च २०२३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्धचा सामना हा त्याचा वेल्सतर्फे शेवटचा सामना ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तो फ्रान्समधील तूलाँ क्लबकडून अल्पकाळ खेळला. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी कार्डिफमध्ये बार्बेरियन्स या निमंत्रित संघातून तो वेल्सविरुद्ध उतरला. वेल्सने हा सामना ४९–२६ असा जिंकला आणि जोन्सच्या खेळाडू म्हणूनच्या कारकिर्दीची सांगता झाली.