बांगलादेश : धर्मनिरपेक्षता, राजधर्म आणि डोंगरी मुलखाचा प्रश्न

‘धर्मनिरपेक्षता’ हा शब्द बंगालीत आणि मराठीत एकच आहे. बांगलादेशाने तो १६ डिसेंबर १९७२ रोजी अमलात आलेल्या संविधानात राष्ट्रवाद, समाजवाद आणि लोकशाही यांच्या जोडीने मूलतत्त्व म्हणून घातला. भारताच्या उद्देशिकेत तो त्यानंतर चार वर्षांनी, ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. २०२२ च्या जनगणनेनुसार ९१ टक्के मुसलमान असलेल्या या देशात त्या शब्दावरून पन्नास वर्षे ओढाताण चालू आहे.

शब्दामागे रक्ताचा अनुभव होता. धर्माच्या नावाने झालेल्या पाकिस्तानात बंगाली भाषा दडपली गेली आणि १९७१ च्या मुक्तियुद्धातला संहारही इस्लामच्या रक्षणाचे नाव घेऊन झाला. म्हणून अनुच्छेद १२ ने कोणत्याही धर्माला राजकीय दर्जा देण्यास आणि राजकारणासाठी धर्माचा वापर करण्यास मनाई केली. अनुच्छेद ३८ ने धर्माधारित पक्षांवर बंदी घातली. धर्माला हद्दपार करण्याचा हेतू यात नव्हता. त्या काळात सरकारी नभोवाणीवर कुराण, गीता, त्रिपिटक आणि बायबल या चारही ग्रंथांचे पठण होत असे.

ऑगस्ट १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि सत्ता लष्कराकडे गेली. जनरल झियाउर रहमान यांनी १९७७ मध्ये केवळ फर्मान काढून धर्मनिरपेक्षतेच्या जागी ‘सर्वशक्तिमान अल्लाहवरील पूर्ण श्रद्धा’ आणली. जनरल इर्शाद यांनी १९८८ मध्ये आठव्या दुरुस्तीने इस्लामला राजधर्म केले. निवडणुकीतून न आलेल्या सत्तेला धर्माचा टेकू हवा होता. दोन्ही बदलांचे खरे कारण हेच. कवयित्री सुफिया कमाल यांच्यासह पंधरा नागरिकांनी राजधर्माविरुद्ध त्याच वर्षी याचिका केली. ती फेटाळली गेली २०१६ मध्ये.

झियांच्या फर्मानांना मान्यता देणारी पाचवी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवली. त्या आधारे शेख हसीना यांच्या सरकारने २०११ मध्ये धर्मनिरपेक्षता परत आणली, पण राजधर्म तसाच ठेवला. एकाच संविधानात दोन्ही नांदू लागले. ही तडजोड मतांसाठी होती आणि अल्पसंख्याकांना तिचा आधार मिळाला नाही. २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री कॉक्स बाजार जिल्ह्यातील रामू येथे, फेसबुकवरच्या एका चित्रावरून जमाव चालून गेला आणि जुने बौद्ध विहार जाळले गेले. पुढच्या काही वर्षांत धर्मचिकित्सक लेखकांच्या हत्या झाल्या. हिंदूंचे प्रमाण १९५१ मध्ये सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ पर्यंत आठ टक्क्यांच्या आत आले. या ओहोटीला दंगलींइतकाच, १९६५ च्या ‘शत्रू-मालमत्ता’ आदेशाने जमिनी बळकावण्याची सोय करून ठेवली हेही कारण आहे. मुक्त बांगलादेशाने ती सोय नाव बदलून चालू ठेवली.

चर्चेत मागे पडणारी बाजू चितगाव डोंगरी मुलखाची आहे. रांगामाटी, खागडाछडी आणि बांदरबन हे तीन जिल्हे मिळून देशाचा सुमारे दहावा हिस्सा. चाकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो आदी अकरा जमाती स्वतःला ‘जुम्म’ म्हणवतात. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीला तिथे झूम म्हणतात, त्यावरून हे नाव. त्यांत बौद्ध अधिक, हिंदू आणि ख्रिस्तीही आहेत. पाकिस्तानी काळात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले, तेव्हा नांगरटीची चाळीस टक्के जमीन बुडाली आणि सुमारे एक लाख माणसे उठली. चाकमा राजाचा रांगामाटीचा वाडाही पाण्याखाली गेला.

१९७२ च्या संविधानाने सर्व नागरिकांना ‘बंगाली’ ठरवले. डोंगरी भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी संविधानसभेत सांगितले की आपण चाकमा आहोत, बांगलादेशचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही; आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. त्यांच्या जनसंहती समितीतून पुढे शांतिवाहिनी ही सशस्त्र शाखा उभी राहिली. १९७९ पासून सरकारने मैदानी भागातील सुमारे चार लाख भूमिहीन बंगाली मुसलमानांना डोंगरात वसवले. स्थानिक लोक त्यांना आजही ‘सेटलर’ म्हणतात. हे वसणारेही गरीबच होते. गरिबाला गरिबाच्या जमिनीवर बसवून सरकारने बंडाचा बंदोबस्त केला, आणि हजारो चाकमा त्रिपुरा राज्यातील छावण्यांत येऊन पडले.

धर्मनिरपेक्षतेची बाजू घेणारे आणि राजधर्माचे समर्थक डोंगरात मात्र सारखेच वागले. पहिल्यांना तिथे बंगालीपण हवे होते, दुसऱ्यांना इस्लाम. झियांनी ‘बंगाली’ ऐवजी ‘बांगलादेशी’ म्हटले, पण वसाहतीही त्यांनीच सुरू केल्या. २०११ च्या दुरुस्तीने या जमातींची दखल घेतली खरी, पण ‘आदिवासी’ हा शब्द नाकारला आणि राष्ट्र म्हणून सारी जनता पुन्हा ‘बंगाली’ ठरवली. संविधानाने धर्माचा भेद पुसण्याचे वचन दिले आणि त्याच पानांवर भाषा व वंशाचा भेद लिहून ठेवला, हा त्यातला मूळ दोष होय.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना यांची सत्ता गेली. अली रियाझ यांच्या अध्यक्षतेखालील संविधान सुधारणा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये धर्मनिरपेक्षता वगळून ‘बहुत्ववाद’ हे तत्त्व सुचवले. राजधर्माला मात्र हात लावला नाही.

डोंगरी मुलखाचा शांतता करार याच्या बराच आधी, २ डिसेंबर १९९७ रोजी झाला होता. मानवेंद्र यांचे धाकटे बंधू ज्योतिरिंद्र बोधिप्रिय तथा संतू लारमा यांनी त्यावर सही केली. जमिनीचे तंटे सोडवण्यासाठी २००१ मध्ये कायदा होऊन आयोगाची तरतूद झाली. त्याच्याकडे वीस हजारांवर अर्ज आले; २०२४ पर्यंत एकाचाही निकाल लागलेला नव्हता.