लातूरचा पाणीप्रश्न

‘शहरास पाणी पुरविणे’ ही वरकरणी जलवाहिनी टाकण्याइतकी सरळ तजवीज. परंतु लातूरच्या बाबतीत ती भूगर्भ, पीकपद्धती व शासनव्यवहार यांत खोलवर गुंतलेली आहे. गोदावरीची उपनदी मांजरा, आणि तिच्यावरील धनेगावचे धरण, हाच या शहराचा मुख्य आधार. 2014 व 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे पर्जन्य तोकडे पडून हा जलाशय कोरडा पडला, तेव्हा मार्च 2016 मध्ये पाणवठ्यांवर जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर दूरवर कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणले गेले, आणि पहिल्या खेपेत ते केवळ 5 लाख लिटर होते. विंधनविहिरी खोल करीत जाणे हा उपाय सोपा भासतो. पण बेसाल्ट खडकात पाणी भेगांत व झिजलेल्या थरांतच साठते, म्हणून एकाची खोली शेजाऱ्याची विहीर आटविते. ऊस बंद करा म्हणावे, तर हमखास भाव देणारे दुसरे पीक कोणते, हा शेतकऱ्याचा रास्त सवाल उभा राहतो. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण भरले, आणि निकडीबरोबर विचारही ओसरला, ही खरी खेदाची बाब होय.