प्लेट जुळली, भाव जुळला, तरी पैसे बुडाले कसे? जुनी रंगीत काच आणि ‘प्राइस गाइड’ची गोष्ट

हे रील तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेलं असेल. कुणीतरी जुन्या बाजारात फिरतंय, हातात छोटीशी जांभळी टॉर्च आहे. टॉर्चचा प्रकाश एका साध्या हिरव्या बशीवर पडतो आणि बशी भुताटकी झाल्यासारखी चमकायला लागते. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न: याची किंमत किती?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर गेली पन्नासेक वर्षं एका खास प्रकारच्या पुस्तकात शोधलं जातं. त्याला म्हणतात प्राइस गाइड. नक्षीचा फोटो, वस्तूंची यादी आणि समोर डॉलरमधला भाव. बघायला इतकं सोपं, की चूक होईल असं वाटतच नाही.

माझ्या मावशीलाही तसंच वाटलं होतं. मावशी ओहायोत राहते. तिथं एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातली माणसं गेली की घरचं सगळं सामान विकायला मांडतात तिथं, तिला गुलाबी काचेचा सेट दिसला. प्लेट्स, कप-बश्या, झाकणाचं लोण्याचं भांडं आणि एक उंच केक स्टँड. हातात प्राइस गाइड होतं. नक्षी जुळली, रंगही जुळला. पुस्तकातल्या भावापेक्षा थोडे कमी पैसे मोजून ती घरी आली आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला: “१९३० सालातलं!”

ते १९३० सालातलं नव्हतं. आणि पुस्तकही चुकलेलं नव्हतं.

आधी ही काच आहे तरी काय?

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. त्या काळात ओहायो, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यातल्या काच कारखान्यांनी यंत्रावर साच्यात दाबून स्वस्त रंगीत भांडी काढली. गुलाबी, हिरवी, मधासारखी पिवळी, गडद निळी. हॉकिंग, जेनेट, फेडरल, हेझल-अ‍ॅटलस ही त्यातली मोठी नावं. हीच ‘डिप्रेशन ग्लास’.

ही श्रीमंतांची काच कधीच नव्हती. काही सेंटांना मिळायची, अनेकदा फुकटसुद्धा. ओट्सच्या डब्यात एखादं भांडं निघायचं. सिनेमा थिएटरवाले ‘डिश नाइट’ ठेवायचे: तिकीट काढा, एक बशी घरी न्या. पुढच्या आठवड्यात कप. सेट पूर्ण करायचा तर थिएटरला जात राहायचं. आजच्या कॅशबॅक अ‍ॅपवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाही.

काच स्वस्त असल्यामुळे कुणी जपली नाही. फुटली, टाकली. मग ज्या पोरांनी त्या बश्यांत जेवण केलं होतं ती मोठी झाली आणि आजीच्या घरातली ती गुलाबी प्लेट शोधायला लागली. तिथून संग्राहक तयार झाले.

पण संग्राहकांची एक पंचाईत होती. ही भांडी बहुतेक निनावी. तळाला कंपनीचं नाव नाही, काही नक्षींना तर धड नावच नाही. १९७० मध्ये हेझल मेरी वेदरमन यांचं या रंगीत काचेवरचं पुस्तक आलं आणि कुठली नक्षी कुणाची, कोणत्या काळातली, हे एका जागी सापडायला लागलं. अनेक नक्षींना आज जी नावं चिकटली आहेत ती कारखान्यांची नाहीत, संग्राहकांची आहेत. हॉकिंगच्या ‘मेफेअर’ला ‘ओपन रोझ’ म्हणतात, फेडरलच्या ‘शॅरन’ला ‘कॅबेज रोझ’.

१९७२ मध्ये जीन फ्लॉरेन्स यांचं गाइड आलं. केंटकीतला हा माणूस आधी शाळेत शिकवायचा. त्याच्या पुस्तकाच्या पुढं आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक संग्राहकांसाठी ‘फ्लॉरेन्समध्ये काय भाव आहे?’ हाच शेवटचा शब्द झाला.

मग पान वाचायचं कसं?

पहिली गोष्ट, गाइडमधला भाव म्हणजे तुम्हाला मिळणारी किंमत नव्हे. तो विक्रेत्याच्या टेबलावर लावलेला भाव असतो. सराफाकडे आपण हे रोज बघतो. बोर्डावरचा सोन्याचा दर वेगळा आणि तुम्ही आजीची पाटली मोडायला नेलीत की हातात पडणारी रक्कम वेगळी. काचेत तर हा फरक फारच मोठा असतो, कारण दुकानदाराला ती प्लेट कदाचित दोन वर्षं सांभाळावी लागते. पुस्तकात पाचशे लिहिलंय म्हणून घरातला कप विकायला गेलात आणि समोरच्यानं दोनशे सांगितले, तर तो लुबाडतोय असं लगेच धरून चालू नका.

दुसरी, तो भाव निर्दोष वस्तूचा असतो. कडेला टवका नाही, तडा नाही, सुऱ्यांचे चरे नाहीत. आणि एक दोष तर फोटोत दिसतच नाही: काच धुरकट होणं. वर्षानुवर्षं डिशवॉशरमध्ये धुतलेली किंवा पाणी साचून राहिलेली काच आतून पांढुरकी पडते. त्याला तिकडे ‘आजारी काच’ म्हणतात. विक्रेते कधी कधी अशा भांड्याला आतून तेलाचा हात फिरवतात किंवा ते ओलं करून मांडतात. ओली काच स्वच्छ दिसते. म्हणून भांडं कोरडं करून, उजेडात धरून बघायचं. कडेवरून बोट सावकाश फिरवायचं, डोळ्याला न दिसलेला टवका बोटाला लागतो.

तिसरी, इंच मोजायचे. एकाच नक्षीत सहा प्रकारच्या प्लेट्स असतात आणि अर्ध्या इंचावरून भाव बदलतो. शिवाय ‘ग्रिल प्लेट’ नावाचा प्रकार असतो, आपल्या मेसमधल्या कप्प्यांच्या ताटासारखा. नऊ-दहा इंचांची प्लेट म्हणून यादीत डिनर प्लेटचा भाव बघाल आणि हातात कप्प्यांची निघेल. संग्राहकांच्या खिशात टेप असते ती उगाच नाही.

आणि झाकणं! मला या पुस्तकांतला सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो. लोण्याच्या भांड्याचा भाव अनेकदा तीन ओळींत असतो: खालची बशी, वरचं झाकण आणि दोन्ही मिळून. बहुतेक वेळा झाकण बशीपेक्षा महाग. कारण साधं आहे. गडबडीत उचलताना हातातून निसटायचं ते झाकणच. जेनेट कंपनीच्या गुलाबी ‘अ‍ॅडम’ नक्षीचं लोण्याचं भांडं तसं नेहमीचं. पण काही झाकणांवर ‘अ‍ॅडम’च्या जोडीला त्याच कंपनीची ‘सिएरा’ नक्षीही उमटलेली आहे, एक बाहेरून आणि एक आतून. असं झाकण मिळालं तर भाव कितीतरी पटींनी वर जातो. लांबून दोन्ही भांडी सारखीच दिसतात. गाइडमधली ती एक ओळ वाचलेला माणूस आणि न वाचलेला माणूस एकाच टेबलासमोर उभे असतील, तर दोघांना दोन वेगळ्या वस्तू दिसतील.

मावशीचं नेमकं काय चुकलं?

तिच्या सेटची नक्षी होती ‘मॅड्रिड’. फेडरल कंपनीनं ती १९३२ ते १९३९ या काळात काढली. तेव्हा मधाळ पिवळा रंग भरपूर निघाला, गुलाबी मात्र थोडाच.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं फेडरलनं हीच नक्षी ‘रिकलेक्शन’ या नावानं पिवळ्या रंगात पुन्हा काढली. पण प्रामाणिकपणे काढली: प्रत्येक भांड्यावर नक्षीत बारीक ‘७६’ कोरलेलं. ज्याला माहीत आहे तो फसणार नाही.

पुढं फेडरल बंद पडली आणि साचे इंडियाना ग्लास या कंपनीकडे गेले. तिनं ‘७६’ काढून टाकलं आणि तीच भांडी पांढऱ्या, निळ्या आणि गुलाबी रंगात बाजारात आणली. बेकायदा काही नव्हतं. नवी भांडी नवी म्हणूनच दुकानात विकली गेली. पण चाळीस वर्षांनी ती भांडी एखाद्या आजीच्या कपाटातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यावर खोक्यावरचं लेबल नसतं. आजीचं कपाट जुनं असतं, म्हणून आतलं सगळं जुनं वाटतं.

ओळखायच्या खुणा होत्या. लोण्याच्या झाकणाची मूठ बघायची: जुन्यात साच्याची रेघ आडवी जाते, नव्यात उभी. नवा गुलाबी रंगही फिकट. आणि सगळ्यात मोठी खूण मावशीच्या डोळ्यांसमोर उभी होती, तो केक स्टँड. जुन्या मॅड्रिडमध्ये असला केक स्टँड कधी निघालाच नाही. नव्या कंपनीनं मेणबत्तीच्या स्टँडवर डिनर प्लेट जोडून तो बनवला. मावशीनं गाइडच्या यादीत तो शोधला होता, सापडला नाही. आणि ती खूश झाली! पुस्तकालाही माहीत नाही म्हणजे दुर्मीळच असणार, असं तिला वाटलं.

इथं सगळेच फसतात. चांगल्या गाइडच्या यादीत नसलेली वस्तू क्वचित खजिना निघते. बहुतेक वेळा ती नंतरची असते. म्हणून जाणकार मंडळी नवी आवृत्ती हातात आली की आधी भाव बघत नाहीत. आधी नकलांचा भाग वाचतात, तो फ्लॉरेन्सच्या गाइडमध्ये बहुधा शेवटी असायचा. ‘चेरी ब्लॉसम’, ‘मेफेअर’, ‘शॅरन’, ‘रॉयल लेस’ या लाडक्या नक्षींच्या नकला १९७० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं येत गेल्या, आणि कुठल्या रंगात कुठली वस्तू नव्यानं आली हे तिथं लिहिलेलं असतं. मावशीच्या पुस्तकातही ती पानं होती. कोरी करकरीत.

इंटरनेटनं भावाचं काय केलं?

१९९५ मध्ये ईबे सुरू झालं. त्याआधी एखादी बरणी ‘दुर्मीळ’ आहे म्हणजे काय, तर तुमच्या राज्यातल्या प्रदर्शनांत ती दिसली नव्हती. आता अख्ख्या देशातली कपाटं एका स्क्रीनवर उघडली आणि त्याच बरणीच्या दहा बहिणी निघाल्या. खरंच दुर्मीळ असलेल्या वस्तूंनी भाव टिकवला. नेहमीच्या प्लेट्स आणि कप-बश्या मात्र पडल्या. त्यात नव्या पिढीला आईचं काचेचं कपाट ठेवायला घरात जागाच नाही.

उलटंही झालं. दुधाळ हिरव्या ‘जेडाइट’ काचेला कुणी फार विचारत नव्हतं. मार्था स्ट्युअर्ट यांनी १९९० च्या दशकात ती आपल्या टीव्ही शोमध्ये आणि मासिकात मिरवली आणि भाव उसळला. इतका, की अँकर हॉकिंगनं ‘फायर-किंग २०००’ असा शिक्का मारून नवं जेडाइटच काढलं.

छापील पुस्तक या वेगात मागं पडतंच. १९९८ चं गाइड तुम्हाला १९९८ चाच भाव सांगणार. म्हणून आता काम वाटून घ्यायचं: वस्तू ओळखायला पुस्तक, भाव बघायला ‘सोल्ड’ फिल्टर. ईबेवर विकायला लावलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणीही बशीवर पाचशे डॉलर लिहू शकतं. गेल्या काही महिन्यांतल्या पाच-सहा विक्री बघा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा, आणि त्यात टवके किती होते ते वाचा. जुनं गाइड रद्दीत देऊ नका. नक्षी, इंच आणि उत्पादनाची सालं जुनी होत नाहीत.

आणि ती जांभळी टॉर्च?

काही काचेत रंगासाठी अत्यल्प युरेनियम घालत. अतिनील प्रकाशात ती हिरवी चमकते. यातला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, कपाटात ठेवायला भीती नाही. रोज त्यात सरबत प्यायचा हट्ट मात्र नको. पण चमक म्हणजे वयाचा दाखला नव्हे. १९४३ ते १९५८ या काळात अमेरिकेत युरेनियमच्या वापरावर निर्बंध होते, नंतर ते उठले आणि आजही तिथं नवी कोरी युरेनियम काच बनते. गेल्या महिन्यात बनलेली बशीही रीलमध्ये तितकीच चमकेल.

आपल्याकडे काय?

अमेरिकी संग्राहकांच्या कपाटात एक भारतीय नाव मात्र हमखास भेटतं. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनं १९३० च्या दशकापासून ‘कार्निव्हल ग्लास’ काढली, म्हणजे तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झाक असलेली काच. पेल्यांच्या तळाला इंग्रजी अक्षरांत ‘जैन’ असं उमटलेलं सापडतं.

महाराष्ट्रात तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर कंदील’ तर कित्येक घरांच्या माळ्यावर अजून असेल. फ्लॉरेन्सच्या पुस्तकात यातलं काही नाही. त्यामुळे चोरबाजारात कुणी मोबाइलवर अमेरिकी भाव दाखवून हिरवा पेला विकायला लागला, तर आधी तळ बघा, साच्याची रेघ बघा, कडेवरून बोट फिरवा. भावाचं बोलणं त्यानंतर.

मावशीचा तो सेट अजून तिच्याकडेच आहे. गणपतीत केक स्टँडवर मोदक ठेवते. मागच्या महिन्यात तिनं ग्रुपवर पुन्हा एक फोटो टाकला: हिरवं लोण्याचं भांडं, शेजारी टेप आणि मुठीचा क्लोज-अप. रेघ आडवी आहे.