प्रस्तावना: ग्रह रचणाऱ्यांसाठी

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हाल क्लेमंट यांची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ साली ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आली. तिच्यातला मेस्क्लिन हा ग्रह सुमारे अठरा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. त्या वेगाने तो चपटा झाला आहे. विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांवर शेकडो पट. म्हणून तिथले रहिवासी गोमेसारखे लांबट, जमिनीला धरून राहणारे आहेत आणि जरा उंचावरून पडण्याच्या नुसत्या कल्पनेनेही त्यांचा थरकाप उडतो. ही भीती लेखकाने वरून चिकटवलेली नाही. ती आकडेमोडीतून निघाली आहे, आणि ती आकडेमोडही क्लेमंट यांनी त्याच मासिकात वाचकांपुढे ठेवली.

असा ग्रह रचायचा तर सुरुवात ताऱ्यापासून करावी. समजा, आपला तारा तांबडा बटुतारा आहे: तेज सूर्याच्या शंभराव्या हिश्शाइतके, वस्तुमान तीन दशांश. अंतर दुप्पट झाले की प्रकाश पावपट उरतो. तेव्हा पृथ्वीइतका प्रकाश हवा, तर ग्रह सूर्य-पृथ्वी अंतराच्या एक दशांशावर आणावा लागेल. केप्लरचा तिसरा नियम लावला की तिथले वर्ष जेमतेम २१ दिवसांचे निघते. हे अतर्क्य नाही. २०१६ साली सापडलेल्या प्रॉक्सिमा बी या ग्रहाचे वर्ष सुमारे ११ दिवसांचेच आहे.

इतक्या जवळ भरती-ओहोटीच्या ताणामुळे ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचा संभव मोठा. एकीकडे अखंड दिवस, दुसरीकडे अखंड रात्र. रात्रीच्या बाजूला हवाच गोठून जाईल, अशी शंका होती. पुरेसे वातावरण असेल तर उष्णता तिकडे पोचते आणि हे टळते, असे मनोज जोशी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली संगणकीय प्रारूपांतून दाखवले.

आता लेखकाचे प्रश्न सुरू होतात. सूर्य कधीच मावळत नसेल, तर पेरणीची वेळ कशावरून ठरवायची? संधिप्रकाशाच्या अरुंद पट्ट्यातली जमीन कोणाच्या नावावर? पलीकडचे बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्या आकड्यांनी हात बांधले असे वाटले, त्यांनीच कथेला भांडणे, सण आणि कायदे दिले.

विज्ञानाच्या नियमावर कथा उभी राहते, हे मराठी वाचकाला जयंत नारळीकरांनी दाखवून दिलेच आहे. या वाटेवर येणाऱ्याला गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढी शिदोरी पुरते. आधी तारा निवडा. पुढचा प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयाला विचारून घ्या.