काटकसरीचा वारसा

मराठीत 'काटकसरी' हे कौतुकाचं विशेषण आहे. महिनाअखेरीलाही जिच्या डाळीच्या डब्यातून चार नोटा निघतात, त्या बाईला लोक या शब्दाने नावाजतात. याच अर्थाचं इंग्रजी विशेषण १९६२ साली एका जनुकाला लागलं. ते जनुक तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. ते असावं, असा केवळ तर्क होता. पण नाव असं फक्कड जमलं की पुढची चार दशकं मधुमेहावरचे कितीतरी वाद त्याच्याभोवतीच झडले.

नाव ठेवलं जेम्स नील यांनी. ते मिशिगन विद्यापीठातले आनुवंशशास्त्रज्ञ. अणुबॉम्बनंतर हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांमध्ये काही जन्मजात बिघाड दिसतो का, हे तपासणाऱ्यांतले ते एक. सिकल सेलचा आजार आईबापांकडून कसा उतरतो, हेही त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं होतं. त्या आजाराने पुढे एक मोठी गोष्ट शिकवली: दोन्हीकडून आलं तर जिवावर उठणारं जनुक एकीकडूनच आलं तर मलेरियापासून राखतं, म्हणून ते टिकतं. नील यांनी हाच हिशेब मधुमेहाला लावून पाहिला. आजार घराण्यातून उतरतो, माणसाची हानी करतो, तरी इतका सर्रास आढळतो. मग निसर्गाने तो छाटून का टाकला नाही? कधीकाळी त्याचा काही उपयोग असला पाहिजे.

उपयोग त्यांनी असा कल्पिला. शिकार मिळाली तर मेजवानी, नाही तर उपास, अशा जगण्यात ज्याच्या अंगात इन्शुलिन झटकन सुटतं तो मिळालेल्या घासाची चरबी करून ठेवतो आणि पुढचा उपास तरून जातो. मेजवानी रोजचीच झाली की हीच सवय अंगाशी येते. लेखाच्या शीर्षकाच्या शेवटी नील यांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. लेख गाजला, प्रश्नचिन्ह वाटेत गळून पडलं.

(आपल्याकडे याचा माग काढणारे थेट सुश्रुतापर्यंत जातात. सुश्रुतसंहितेत प्रमेह दोन तऱ्हांचा सांगितला आहे: बीजदोषातून आलेला 'सहज' आणि अपथ्यातून ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. हे वाचून 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' म्हणायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. पण बीज आणि पथ्य यांच्या मधे आणखी एक जागा असते. तिच्याकडे नीट वळायला आधुनिक संशोधनालाही १९८० चं दशक उजाडावं लागलं. तिथे आपण येऊच.)

नील यांच्या लेखानंतर दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं एक पथक ॲरिझोनात गिला नदीकाठच्या पिमा आदिवासींकडे पोचलं. ते आलं होतं संधिवात तपासायला. थंड माँटानातले ब्लॅकफीट आणि तापत्या वाळवंटातले पिमा यांच्यात हवामानामुळे काही फरक पडतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. संधिवात बाजूला राहिला आणि हाती लागला मधुमेह, तोही तोवर कुठे नोंदला न गेलेल्या प्रमाणात. पस्तिशी ओलांडलेल्या पिमांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो होता. १९६५ पासून दर दोन वर्षांनी तपासणीचा नेम सुरू झाला आणि चार दशकं चालला. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तात २०० किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेह, ही रेघ आपले डॉक्टर आजही धरून चालतात. ती आखताना पिमांच्या आकड्यांचा मोठा आधार होता. पुण्या-नाशिकात कुणाला 'शुगर निघाली' म्हणतात, तेव्हा त्या मापामागे गिलाकाठची ही माणसं असतात.

काटकसरी जनुकाला असा पत्ता मिळाला. वाळवंटातली जमात, शतकानुशतकांचे दुष्काळ, अचानक आलेली सुबत्ता, सगळं तर्कात चपखल बसत होतं. मला मात्र नेमका इथेच संशय येतो. कारण पिमा स्वतःला म्हणवतात 'अकिमेल ओओधाम', म्हणजे नदीची माणसं. ती पिढ्यान् पिढ्या कालवे काढून शेती करत होती. मका, वालासारखे घेवडे, पुढे गहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर त्यांच्याकडे इतका गहू पिकत होता की कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या प्रवाशांना आणि अमेरिकी सैन्याला ते तो विकत होते. मग १८७० नंतर वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्यांनी गिलाचं पाणी वळवलं. पात्र कोरडं पडलं, शेती गेली, भूक आली, आणि भुकेच्या मागोमाग सरकारी शिधा आला: मैदा, साखर, डुकराची चरबी. बोस्टनचे नामांकित मधुमेहतज्ज्ञ इलियट जोस्लिन यांनी १९४० मध्ये ॲरिझोनातल्या आदिवासींची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांच्यातला मधुमेह इतरांपेक्षा काही वेगळा दिसत नव्हता. म्हणजे तेवीस वर्षांत हा डोंगर उभा राहिला. जनुकं तेवीस वर्षांत बदलत नाहीत. पाणी मात्र एका कालव्याने बदलतं. ते पाणी कायद्याने परत द्यायचं ठरलं २००४ साली.

सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावी पिमांचेच भाऊबंद राहतात. ते विसाव्या शतकाच्या अखेरीलाही हाताने शेती करत होते. २००६ मध्ये दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले गेले: मायकोबात मधुमेह सुमारे ७ टक्के, ॲरिझोनात ३८.

पिमांच्याच नोंदींतून ती मधली जागाही दिसू लागली. डेव्हिड पेटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मुलांचे तीन गट पाडले. गरोदरपणातच जिला मधुमेह होता तिची मुलं, जिला तो पुढे झाला तिची मुलं, आणि जिला झाला नाही तिची मुलं. वयाच्या विशीच्या पहिल्या पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ४५ टक्के मुलांना मधुमेह झालेला होता, दुसऱ्यातल्या ८.६ टक्के, तिसऱ्यातल्या १.४. पहिल्या दोन्ही गटांतल्या आया मधुमेहाच्याच वाटेवरच्या, मुलांचा आनुवंशिक वाटा फारसा वेगळा नसावा. फरक होता तो त्या नऊ महिन्यांत आईच्या रक्तात साखर किती होती याचा. 'आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यातलं घराणं किती आणि गर्भाशय किती, हे या तीन आकड्यांनी पहिल्यांदा वेगळं करून दाखवलं.

रक्त देणाऱ्यांचं काय झालं, हेही या वंशावळीत लिहायला हवं. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे कळलं की त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराचेही अभ्यास झाले आहेत. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं.

इंग्लंडमध्ये धागा वेगळ्याच टोकाने सुटला. हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य निरीक्षकेने बाळांची वजनं जाड वह्यांत नोंदवून घेतली होती. डेव्हिड बार्कर यांच्या गटाला त्या वह्या सापडल्या. त्यांतली बाळं आता म्हातारी झाली होती. जन्मतः जे हलके होते, त्यांच्यात साखरेचा बिघाड जास्त दिसला. निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये नील यांचं विशेषण तेवढं ठेवलं आणि जनुक काढून टाकलं: काटकसर बीजात नसते, पोटात उपासमार झालेलं बाळ ती शिकतं.

पुण्यात ही गोष्ट आकड्यांआधी डोळ्यांना दिसली होती. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नव्हते. काडीसारखे हातपाय, पोट तेवढं पुढे. १९९३ मध्ये त्यांनी साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. बायकांना दिवस जाण्याआधीपासूनच मापायचं, मग बाळाला, आणि नंतर वर्षानुवर्षं. आया सरासरी ४२ किलोच्या, बाळं २.७ किलोची. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती जवळजवळ पाऊण किलोने हलकी. पण पाठीवरच्या कातडीचा चिमटा घेतला तर चरबी तितकी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. बाळ बारीक, तरी चरबीदार. जगभर ते 'थिन-फॅट' म्हणून गेलं. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वैद्यकातला इतका छोटा आणि इतका बोलका लेख क्वचितच असेल.

पुढे गावांतल्या आयांच्या रक्तात आणखी एक तूट दिसली, बी-१२ ची. सुमारे दोन तृतीयांश जणींत ती होती. हे जीवनसत्त्व येतं दूध-अंडी-मांसातून, आणि या घरांत मटण सणावारालाच शिजायचं. बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी जास्त चरबीची निघाली आणि त्यांच्यावर इन्शुलिनचा असरही कमी पडत होता. हा निष्कर्ष २००८ चा. भूक फक्त भाकरीची नसते, हे काटकसरीच्या मूळ कथेत कुठेच नव्हतं.

जनुकांचा शोध थांबला नव्हताच. २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना टीसीएफ७एल२ हे जनुक सापडलं. हैदराबादच्या गिरिराज चांडक यांच्या गटाने पुण्याच्या रुग्णांत त्याचा पडताळा २००७ मध्ये घेतला आणि तो जुळला. पण असे शेकडो बारीक बदल मिळूनही धोक्याचा थोडाच भाग उलगडतो. सामोआ बेटांवर २०१६ मध्ये जे सापडलं ते तर नील यांना चक्रावून टाकणारं ठरलं असतं. तिथे सर्रास असलेला एका जनुकाचा प्रकार माणसाला जाड करतो, म्हणजे खराखुरा काटकसरी, पण मधुमेहाचा धोका उलट कमी करतो.

१९७० च्या दशकातल्या सरकारी पाहणीत भारतातल्या शहरांत मधुमेह २ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये देशाचा आकडा ११.४ टक्के निघाला आणि सर्व राज्यांत गोवा पुढे, २६.४. निकष आणि पद्धती बदलल्या, हे धरूनही.

सहा गावांतली ती बाळं अठराची झाली तेव्हा त्यांच्यातली जवळजवळ निम्मी अजूनही बारीकच होती. तरी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली साखरेच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. त्याआधीच, २०१२ मध्ये, त्यांच्यापैकी काहींना लग्न आणि दिवस यांच्या कितीतरी आधी बी-१२ च्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. मात्रा रोजची २ मायक्रोग्रॅम. पुढे त्यांतल्या मुलींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली, आणि त्यांच्या बाळांची वजनंही वहीत चढली.