बाटलीवरचं नाव



आज एका बाईची आणि एका चुकीच्या नावाची गोष्ट सांगते.

१९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची कृष्णवर्णीय आई जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. तिला विचारलं नाही. त्याच वर्षी, अवघ्या ३१व्या वर्षी ती गेली. पण तिच्या पेशी जगल्या. इतरांच्या पेशी बाटलीत थोड्याच दिवसांत मरायच्या, हिच्या मात्र दिवसागणिक दुप्पट व्हायच्या. तिच्या नावाची आद्याक्षरं घेऊन त्यांना ‘हेला’ म्हणू लागले.

पुढे १९५५ साली ‘केबी’ नावाच्या पेशी शास्त्रज्ञांपुढे आल्या. त्या तोंडाच्या कर्करोगाच्या आहेत, असं सांगितलं गेलं आणि जगभर त्यांच्यावर अभ्यास सुरू झाला.

दुधात विरजणाचा एक थेंब पडला, की सगळं दूध दही होतं ना? हेलाचंही तसंच. दुसऱ्या बाटलीत तिच्या थोड्या पेशी गेल्या, तरी त्या वाढून मूळच्या पेशींना मागे टाकतात. १९६६ साली स्टॅन्ले गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या नावांनी जपलेल्या कितीतरी पेशी प्रत्यक्षात हेलाच आहेत. केबीसुद्धा हेलाच निघाली! बाटलीवर तोंडाचं नाव, आत गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी.

यात बिघडलं काय? १९८०च्या दशकात जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटाला हेलामध्ये एचपीव्ही विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. या विषाणूवरच्या कामाबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. आता केबीमध्ये हा विषाणू दिसला, तर कुणालाही वाटेल की तो तोंडाच्या कर्करोगातला आहे. पण तो तर हेन्रिएटाचा!

घशाच्या, टॉन्सिलच्या काही कर्करोगांमागे एचपीव्ही खरोखरच असतो, पण बहुतेक वेळा १६ क्रमांकाचा. त्याच्या अभ्यासाला तशाच रुग्णांच्या पेशी हव्यात. मिशिगन, पिट्सबर्ग, ड्युसेलडॉर्फ इथे त्या वाढवल्या गेल्या, पण अजूनही त्या मोजक्याच आहेत. आता पेशी कुणाच्या आहेत, हे डीएनए तपासून पक्कं करता येतं.

आपल्याकडे मात्र तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखूच आहे. तेव्हा विषाणूचं नाव ऐकून मिश्रीला निर्दोष ठरवू नका. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. एचपीव्हीची लस आता आपल्या पुण्यातही बनते. लेकीसाठी तिची चौकशी जरूर करा.

आणि पुढे कधी कुणी तुमच्या अंगातला तुकडा तपासायला काढला, तर विचारा: कशासाठी घेताय, पुढे त्याचं काय करणार? हेन्रिएटाला हे विचारायची संधीच मिळाली नाही. तिच्या घरच्यांना तर या पेशींबद्दल कळायला वीसेक वर्षं लागली.