आप्त, मित्र आणि आपण

खरवईहून पहाटे निघून बदलापूरला मुंबईची गाडी धरणारा मनुष्य रात्रीं घरीं परततो, तेव्हां घरचीं माणसें, जोडलेले मित्र आणि स्वतःचें थकलेलें मन हीं तिन्ही त्याच्या उरलेल्या वेळावर हक्क सांगतात. ही ओढाताण नवी नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वीं धोंडो केशव कर्वे यांच्या वांट्यास ती फार कठोर रूपानें आली.

१८५८ सालीं जन्मलेले कर्वे कोंकणांतील मुरूडचे. १८८४ सालीं पदवीधर होऊन ते मुंबईंत शिक्षक झाले व नरहरपंत जोशी या मित्रासह एका बिऱ्हाडांत राहूं लागले. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई तेथेंच आली आणि १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं उघडलेल्या शारदासदनांत शिकूं लागली. १८९१ सालीं कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षीं सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गेले.

तेहतिशीच्या विधुरानें कुमारिकेशीं लग्न लावावें, ही तेव्हांची रीत. कर्व्यांनीं ठरविलें, लग्न केलें तर विधवेशींच. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यांत गोदूबाईंशीं त्यांचा विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. मित्राचें घर तें आपलेंच घर झालें.

परंतु जन्माचें घर दुरावलें. ज्या गांवाच्या हितासाठीं कर्व्यांनीं १८८६ सालीं मुरूड फंड काढला होता, त्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरांत घेतल्यास कुटुंबही वाळींत पडेल, असें ठरलें. कर्व्यांनीं निश्चय सोडला नाहीं. पण त्याची शिक्षा आईनें व भावानें भोगावी, असा हट्टही धरला नाहीं. गांवीं गेले तर ते घरापासून वेगळे उतरत. प्रेम होतें म्हणूनच हें अंतर होतें.

हा विवेक सर्वत्र तितकाच साधला असें मात्र नाहीं. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला. कर्व्यांचा वेळ आणि पैसा तिकडे वळला व संसारास ओढ बसली. आनंदीबाईंनीं १९४४ सालच्या ‘माझें पुराण’ या आत्मकथनांत ती लपविलेली नाहीं. आईभावाची झळ कर्व्यांना दिसली. शेजारीं बसलेल्या पत्नीची तितकी दिसली नसावी.

कर्व्यांसारखा थोर मनुष्यही जेथें चुकला, तेथें सामान्य गृहस्थानें सावध असावें. निश्चय आपला असावा, मित्रही आपण निवडलेले असावेत; मात्र त्यांची किंमत घरांतील कोण देत आहे, हें अधूनमधून विचारावें.